पैनगंगेच्या अलीकडून फेलोशिपचा अर्ज

तेलंगणातल्या आदिलाबादच्या कापूस बाजारात मराठीत विचारलेल्या भावाला तेलुगूत उत्तर मिळते आणि घासाघीस दखनी उर्दूत पुरी होते. कुणाचेच काही अडत नाही. बेला, जैनद, तामसी, तलमडगू या मंडलांतल्या कितीतरी घरांत आजही मराठी बोलली जाते. मुले दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकतात, इंटरमीजिएटला तेलुगू किंवा इंग्रजी माध्यम घेतात आणि मग आदिलाबादला बी.ए. करतात. इथवरची वाट मळलेली आहे. त्यापुढे इतिहास, भाषा, समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञान घेऊन एम.ए., पीएच.डी. करायची म्हटली, की घरात पहिला प्रश्न येतो: पैसा कुठून आणायचा?

पैसा आहे. राज्याकडे आहे, केंद्राकडे आहे, काही विद्यापीठांकडे आणि न्यासांकडेही आहे. मात्र प्रत्येकाचे दार वेगळे आणि ते उघडण्याची तारीखही वेगळी. मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्याला ही दारे सहसा कुणी दाखवत नाही, कारण गावात चौकशी होते ती इंजिनिअरिंगच्या फीची. योजनेचे नाव कळते तेव्हा मुदत संपलेली असते, नाहीतर हातातला दाखला जुना झालेला असतो. सीमेवरच्या जिल्ह्यात आणखी एक गुंता आहे. घरची भाषा एका राज्याची आणि कागद दुसऱ्या राज्याचे.

गरज पाहून मिळालेल्या मदतीवर मानव्यविद्या शिकल्याचे मराठी माणसाला सर्वांत परिचित उदाहरण १९१३ सालचे आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. रक्कम होती दरमहा साडेअकरा पौंड. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार त्यासाठी झाला होता. १९१५ साली ते एम.ए. झाले. पुढे लंडनचा अभ्यास सुरू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांची जुळवाजुळव करून. आजच्या अर्जदाराने या कहाणीतून तीन व्यवहारी गोष्टी उचलाव्यात. मदतीची मुदत आधी पाहावी, तिच्यासोबत येणारा करार ओळ न् ओळ वाचावा आणि एकाच दारावर विसंबू नये.

आधी राज्य, मग योजना

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादपासून तुटून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. पैनगंगेच्या दोन्ही काठांवरची सोयरीक मात्र तुटली नाही. म्हणूनच आदिलाबादच्या मुलाला किनवटचा मामेभाऊ 'महाडीबीटी'वर अर्ज कर म्हणून सांगतो, आणि मुलगा तिथे तास न् तास घालवतो. महाडीबीटीवरच्या महाराष्ट्र शासनाच्या योजना, तसेच बार्टी, सारथी आणि महाज्योती या तिथल्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहेत. तेलंगणाचा रहिवासी मराठी बोलतो, मराठीत एम.ए. करतो, म्हणून त्याला त्या मिळत नाहीत. हा निकष मनाला लागतो, पण तो जितक्या लवकर समजेल तितका वेळ वाचतो.

जातीच्या दाखल्याचे गणितही सीमेवर बदलते. बंजारा म्हणजेच लंबाडा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे, महाराष्ट्रात तो विमुक्त जातींमध्ये मोडतो. गोंड, कोलाम आणि आंध हे दोन्हीकडे अनुसूचित जमातीत आहेत. पण नाव दोन्ही याद्यांत असले तरी एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्याच्या सवलतींसाठी चालत नाही. स्थलांतर केल्याने आरक्षणाचा हक्क सोबत जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात स्पष्ट केले आहे.

केंद्राच्या योजनांत हा अडसर नाही. तेलंगणाचा अनुसूचित जमातीचा दाखला असलेली बंजारा मुलगी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात पीएच.डी. करत असली, तरी केंद्राच्या अधिछात्रवृत्तीसाठी ती अनुसूचित जमातीचीच उमेदवार राहते. केंद्रपुरस्कृत पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीतही विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी, त्या राज्याने पैसे द्यायचे असे तत्त्व आहे. म्हणून नांदेड, नागपूर किंवा अमरावतीला प्रवेश घेण्याआधी आदिलाबादच्या संबंधित कल्याण कार्यालयात जाऊन विचारावे: या संस्थेत शिकताना आपल्या राज्याकडून मदत मिळेल का, आणि त्यासाठी कोणता अर्ज भरावा लागेल? अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनी हाच प्रश्न उटनूरच्या आयटीडीए (एकात्मिक आदिवासी विकास यंत्रणा) कार्यालयात न्यावा. प्रवेश झाल्यावर विचारलेला प्रश्न बहुधा उशिराचा ठरतो.

दोन्ही राज्यांत नातेवाईक आणि जमीन असलेल्या घरांत दोन्हीकडचे कागद तयार असतात. अर्जासोबत दोन राज्यांचे रहिवासी दाखले कधीही जोडू नयेत. एकच राज्य ठरवावे आणि दहावीच्या मेमोपासून, म्हणजे गुणपत्रिकेपासून, बँक खात्यापर्यंत सारे कागद त्याच्याशी जुळवून घ्यावेत.

नावातले एक अक्षर

अर्ज बाद होण्याचे एक साधे कारण म्हणजे नाव. महाराष्ट्रात मेश्राम लिहिणारे कुळ आदिलाबादेत मेस्राम होते. आत्रामचे इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे असते. तेलंगणात आडनाव आधी लिहितात आणि बरेचदा ते एका आद्याक्षरात आटोपतात. मराठी घरात मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव. मराठी नाव तेलुगूतून इंग्रजीत गेले की जोडाक्षरे आणखी बदलतात. संगणकाला यातले काहीच कळत नाही. त्याला आधार, दहावीचा मेमो, जातीचा दाखला आणि बँक खाते या चारही ठिकाणी एकच नाव हवे असते.

दहावीच्या मेमोवरचे नाव आधारभूत मानून बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करणे हा सोपा मार्ग. हे काम बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला हाती घ्यावे. आधारची दुरुस्ती, बँकेतला बदल आणि मी-सेवा केंद्रातून नवा जात, रहिवास आणि जन्मतारखेचा एकत्रित दाखला, एवढ्यात काही महिने सहज जातात. बँक खाते आधारशी जोडलेले आणि चालू असावे. शून्य शिलकीचे, वर्षभर न वापरलेले खाते ऐन हप्त्याच्या वेळी बंद निघते.

दुसरा कागद उत्पन्नाचा. 'गरजू' या शब्दाची व्याख्या प्रत्येक योजनेत निराळी आहे. तेलंगणाच्या ई-पास शिष्यवृत्ती योजनेत अनुसूचित जाती-जमातींसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २ लाख रुपये आहे. मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या मागास घटकांसाठी ती ग्रामीण भागात दीड लाख आणि शहरात २ लाख. परदेशी शिक्षणाच्या राज्य योजनांत मर्यादा ५ लाखांची. केंद्राच्या ओबीसी अधिछात्रवृत्तीत नॉन-क्रीमी लेयरचा ८ लाखांचा निकष लागतो, पण त्यात पगाराचे आणि शेतीचे उत्पन्न मोजत नाहीत. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यात मात्र शेतीसह सारे उत्पन्न धरतात आणि पाच एकर शेतजमिनीची मर्यादाही पाहतात. म्हणजे एकच घर एका योजनेत बसते आणि दुसरीत बसत नाही. शेजाऱ्याला नाही मिळाली म्हणून आपल्यालाही मिळणार नाही, असा अंदाज बांधून घरी बसू नये.

ओबीसी विद्यार्थ्यांची एक चूक वारंवार होते. राज्याचा बीसी-ए, बीसी-बी, बीसी-डी असा दाखला केंद्राच्या योजनेत चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर दाखला लागतो, आणि जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. हा वेगळा अर्ज आहे. तो वेगळाच करावा.

ज्यांच्या नावे जमीनच नाही अशा कौलदार किंवा शेतमजूर कुटुंबांत उत्पन्नाचा पुरावा म्हणून दाखवायला काहीच नसते. अशा वेळी शिधापत्रिका, रोजगार हमीचे जॉब कार्ड आणि पंचायतीतल्या नोंदी घेऊन तहसील कार्यालयात जावे. तिथली चौकशी पूर्ण व्हायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर विसंबू नये.

एम.ए.ची दोन वर्षे

एम.ए.साठी पहिला आधार ई-पास. त्यात दोन भाग असतात: कॉलेजच्या फीची भरपाई आणि विद्यार्थ्याला मिळणारा निर्वाह भत्ता. ७५ टक्के हजेरी लागते. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि ते विसरणाऱ्यांचे दुसरे वर्ष अडकते. फीच्या भरपाईची थकबाकी हा तेलंगणात वर्षानुवर्षे चर्चेत असलेला प्रश्न आहे. म्हणून पैसा मंजूर झाला म्हणजे हातात आला असे धरून चालू नये. प्रवेश घेतानाच कॉलेजला विचारावे, की भरपाई येईपर्यंत फी भरण्याची सक्ती आहे का, आणि मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवली जातात का.

विषय आणि संस्था निवडतानाही पैशाचा विचार करता येतो. हैदराबाद विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठात फी तुलनेने कमी असते, वसतिगृह असते, आणि प्रवेश सीयूईटी-पीजी या एकाच परीक्षेतून होतो. हैदराबादेतच इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ आहे. उस्मानिया विद्यापीठाचा मराठी विभाग तेलंगणातल्या मराठी विद्यार्थ्याला राज्याबाहेर न जाता मराठीत एम.ए. करू देतो, राज्य तेच राहिल्यामुळे ई-पासचा प्रश्नही सोपा होतो. खासगी संस्थांत बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचे नाव ध्यानात ठेवावे. तिथे कुटुंबाच्या आर्थिक स्थितीनुसार फी आणि निवास यांत सवलत मिळते. छापील फी पाहून अर्ज न करणारा विद्यार्थी अशा ठिकाणी विनाकारण मागे राहतो. प्रवेशाचा अर्ज आणि आर्थिक मदतीचा अर्ज हे तिथे वेगवेगळे टप्पे असतात, हे लक्षात ठेवावे.

पीएच.डी.चे मार्ग

सर्वांत मोठा मार्ग यूजीसी-नेटचा. परीक्षा वर्षातून दोनदा होते. पहिली प्रश्नपत्रिका ५० प्रश्नांची, दुसरी विषयाची १०० प्रश्नांची, एकूण ३०० गुण, तीन तास. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नये. विषयांच्या यादीत मराठी आहे. एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. ज्युनिअर रिसर्च फेलोशिपसाठी वयोमर्यादा ३० आहे. महिला आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत. जानेवारी २०२३ पासून ही फेलोशिप पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये आहे. शिवाय घरभाडे आणि मानव्यविद्यांसाठी पुस्तके, प्रवास वगैरे खर्चाची वार्षिक तरतूद. इथे गरज विचारत नाहीत, फक्त गुण पाहतात. पण गरजू विद्यार्थ्याला पाच वर्षे पायावर उभा करणारी याहून भक्कम सोय देशात दुसरी नाही.

केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची अधिछात्रवृत्ती आदिलाबादसाठी विशेष महत्त्वाची. दरवर्षी ७५० जागा असतात आणि निवड पदव्युत्तर परीक्षेच्या गुणांवर होते. तिथे नेटची अट नाही. म्हणजे एम.ए.च्या प्रत्येक पेपरचे गुण पुढच्या पाच वर्षांच्या पैशाशी जोडलेले आहेत. कोलाम आणि तोटी हे समाज विशेष असुरक्षित आदिवासी गटांत येतात. त्यांच्यासाठी या योजनेत स्वतंत्र जागा आहेत, आणि त्यांची माहिती या वस्त्यांपर्यंत पोचवणे हे तिथल्या शिक्षकांचे मोलाचे काम ठरेल.

अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीच्या जागा वर्षाला २,००० आहेत. ओबीसींसाठीच्या योजनेत १,००० जागा असतात. या दोन्हींना नेटचे गुण लागतात. अल्पसंख्याक समाजांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती मात्र २०२२-२३ पासून बंद झाली आहे, तरी तिचे जुने माहितीपत्रक अजून फिरत असते. तसेच २०२२ च्या यूजीसी नियमांनंतर एम.फिल. ही पदवीही बंद झाली. पाच वर्षांपूर्वी पीएच.डी. केलेल्या दादाचा सल्ला प्रेमाने ऐकावा आणि चालू वर्षाच्या अधिसूचनेशी ताडून पाहावा.

समुद्रापलीकडे

तेलंगणात अनुसूचित जाती-जमातींसाठी आंबेडकर ओव्हरसीज विद्यानिधी आणि मागासवर्गीयांसाठी महात्मा ज्योतिबा फुले ओव्हरसीज विद्यानिधी आहे. अल्पसंख्याकांसाठी मुख्यमंत्र्यांच्या नावाची स्वतंत्र योजना आहे. मदत २० लाख रुपयांपर्यंत मिळते, आणि मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे या योजनांच्या विषयांत येतात. पदवीला ६० टक्के गुण आणि ३५ वर्षांच्या आतले वय लागते. खरी गोम हप्त्यांत आहे. पहिला हप्ता परदेशात पोचल्याचा पुरावा दिल्यावर, दुसरा पहिल्या सत्राचा निकाल दाखवल्यावर मिळतो. व्हिसासाठी बँकेत दाखवायची रक्कम, विमानाचे तिकीट आणि पहिल्या दोन महिन्यांचे भाडे यांची तजवीज आधीच करावी लागते. योजना मिळूनही केवळ या टप्प्यावर अडकायचे नसेल, तर शैक्षणिक कर्जाची बोलणी प्रवेशपत्र हातात येताच सुरू करावीत.

केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप दोन मंत्रालयांकडून मिळते. सामाजिक न्याय मंत्रालयाकडे १२५ जागा आहेत, उत्पन्नमर्यादा ८ लाख. आदिवासी मंत्रालयाकडे २० जागा, त्यांतल्या ३ विशेष असुरक्षित गटांसाठी. उत्पन्नमर्यादा ६ लाख. मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्याने सामाजिक न्याय मंत्रालयाची नियमावली फार बारकाईने वाचायला हवी. २०२२-२३ पासून तीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. आपल्याच समाजाच्या इतिहासावर परदेशात संशोधन करू पाहणाऱ्या दलित विद्यार्थ्याला ही अट थेट आडवी येते. तिच्यावर बरीच टीका झाली आणि ती रास्त आहे. अर्जदाराने चालू वर्षाची नियमावली उघडून ही अट पाहावी आणि त्यानुसार योजना निवडावी.

अशा वेळी इतर दारे उपयोगी पडतात. फेलिक्स शिष्यवृत्ती ऑक्सफर्ड आणि लंडनच्या सोआससारख्या विद्यापीठांत भारतीय विद्यार्थ्यांना मिळते. त्यासाठी प्रथम श्रेणीतली भारतीय पदवी लागते, परदेशी पदवी आधी घेतलेली नसावी लागते आणि आर्थिक गरज दाखवावी लागते. ब्रिटिश सरकारची शेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या मास्टर्ससाठी असते. तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. गावच्या शाळेत किंवा संस्थेत केलेले काम इथे अनुभव म्हणून मांडता येते. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत मानव्यविद्यांच्या पीएच.डी.ला निवड झाली की फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळते. उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नाही. जागा मोजक्या असतात आणि अर्जालाच पैसे पडतात, पण बरीच विद्यापीठे विनंती केल्यावर अर्जशुल्क माफ करतात. ही विनंती मुदतीच्या बऱ्याच आधी ई-मेलने करावी.

विषय अंगणातला

कागद जमले की प्रश्न उरतो मजकुराचा. इथे आदिलाबादचा विद्यार्थी इतरांपेक्षा श्रीमंत आहे, आणि त्याला ते बहुधा ठाऊक नसते.

नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावी गोंडी भाषेची हस्तलिखिते सापडली, तीही स्वतंत्र लिपीतली. हैदराबाद विद्यापीठात प्राध्यापक जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर काम केले, आणि २०१८ साली 'गुंजाळा गोंडी' ही लिपी युनिकोडमध्ये आली. मारलावाई गावात १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेंडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड मुलांसाठी शाळा सुरू झाल्या. तिथली गोंडी पुस्तके देवनागरीत छापली होती. निजामी राजवटीतले अधिकारी आणि पुढे मराठीतले मोठे इतिहासकार झालेले सेतुमाधवराव पगडी याच जिल्ह्यात राहून गोंड समाजाविषयी आणि त्यांच्या भाषेविषयी लिहीत होते. गोंडांच्या कथा गाणाऱ्या प्रधान समाजाचे किक्री हे वाद्य, केसलापूरची नागोबा जत्रा, दोन राज्यांच्या मधली मराठी शाळा, दखनी आणि वऱ्हाडी यांची सरमिसळ: यातला प्रत्येक विषय एका प्रबंधाचा आहे. आणि तो अभ्यासायला मराठी, तेलुगू आणि गोंडी जाणणारा माणूस लागतो. दिल्ली-मुंबईच्या अर्जदाराला या भाषा शिकायला वर्षे लागतील. इथल्या मुलीला त्या घरातून मिळाल्या आहेत.

संशोधन प्रस्तावात हे ठळक दिसायला हवे. "मला आदिवासी संस्कृतीची आवड आहे" या वाक्याने निवड समितीला काहीच कळत नाही. समजा, तेच असे लिहिले: "प्रधान गायक गोंड श्रोत्यांसमोर कथा गाताना भाषा कुठे बदलतात आणि का, हे मला तीन गावांतल्या ध्वनिमुद्रणांवरून तपासायचे आहे. मराठी आणि गोंडी या दोन्ही भाषा मला येतात." आता वाचणाऱ्याला प्रश्न, साधन, जागा आणि अर्जदाराची तयारी या चारही गोष्टी दिसल्या. यापूर्वी या विषयावर कुणी काय लिहिले हे एका परिच्छेदात सांगावे आणि त्यात काय राहून गेले ते दाखवावे.

गरजेविषयी लिहिताना कढ काढू नये. आकडे आणि घटना लिहाव्यात. "आम्ही अत्यंत गरीब आहोत" यापेक्षा "तीन एकर कोरडवाहू कापूस, वडिलांचे आजारपण, दोन लहान भावंडे, म्हणून बी.ए. करताना सुट्टीत वेचणीला जात होतो" हे जास्त खरे आणि जास्त पटणारे. एखाद्या वर्षी गुण घसरले असतील तर कारण एका वाक्यात सांगावे. लपवलेले सापडतेच. आणि गरजेचा परिच्छेद एकच ठेवावा. बाकी सारी जागा विषयाची. निवड समिती पैसा देते तो कामासाठी, आणि ते काम तिला कागदावर दिसावे लागते.

इंग्रजीची भीती असेल तर पहिला मसुदा मराठीतच लिहावा. विचार पक्का झाला की मग इंग्रजीत उतरवावा, साध्या आणि छोट्या वाक्यांत. अवघड शब्दांनी कुणावर छाप पडत नाही. विकतचा किंवा दुसऱ्याचा मजकूर तर अजिबात वापरू नये. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला तो उघडा पडतो.

शिफारसपत्रे आणि तारखा

शिफारसपत्र म्हणजे चारित्र्याचा दाखला नाही. "विद्यार्थी हुशार व नम्र आहे" हे पत्र कुठेही उपयोगाचे नाही. शिक्षकांना किमान महिनाभर आधी भेटावे. सोबत गुणपत्रिका, प्रस्तावाचा मसुदा आणि त्यांच्या वर्गात केलेल्या एखाद्या निबंधाची प्रत न्यावी, म्हणजे त्यांना नेमके लिहिता येते. परदेशी अर्जांत पत्र शिक्षकांच्या संस्थेच्या ई-मेलवरून जावे लागते. अनेक महाविद्यालयांत शिक्षक खासगी ई-मेल वापरतात, तेव्हा ही सोय आधी करून घ्यावी.

वर्षाचे गणित साधारण असे मांडावे. मे-जूनमध्ये उत्पन्नाचा नवा दाखला काढावा, कारण शैक्षणिक वर्ष सुरू होताच मी-सेवा केंद्रांत गर्दी होते. ऑगस्टपासून शेव्हनिंगसारखे अर्ज उघडतात. पावसाळ्यात प्रस्ताव लिहावा आणि तीन जणांकडून वाचून घ्यावा: एक विषयाचे शिक्षक, एक विषयाबाहेरचे आणि एक घरातले. अमेरिकी विद्यापीठांच्या मुदती बहुतेक डिसेंबर-जानेवारीत संपतात. देशातल्या प्रवेशपरीक्षांचे अर्ज हिवाळ्यात सुरू होतात. केंद्राच्या योजनांच्या तारखा दरवर्षी हलतात, त्यामुळे संबंधित मंत्रालयाचे पोर्टल आठवड्यातून एकदा पाहायची सवय लावावी. भरलेल्या प्रत्येक अर्जाची प्रत, क्रमांक आणि पासवर्ड एका वहीत असावा. सायबर कॅफेवाल्याच्या मोबाईल क्रमांकावर अर्ज नोंदवला, की ओटीपी त्याच्याकडे जातो आणि पुढचे वर्षभर विद्यार्थी त्याच्या दारात उभा राहतो.

या कामात हात द्यायला माणसे जवळच आहेत. शेजारच्या यवतमाळात राजू केंद्रे यांनी २०१७ साली सुरू केलेली एकलव्य ही संस्था पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना नामवंत विद्यापीठांच्या आणि शिष्यवृत्त्यांच्या अर्जांसाठी तयार करते. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातले केंद्रे स्वतः २०२१ साली शेव्हनिंग मिळवून लंडनच्या सोआसमध्ये शिकले. वर्ध्यात अनुप कुमार यांची नालंदा अकादमी वंचित समाजातल्या मुलांकडून विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेते. आदिलाबादहून या दोन्ही जिल्ह्यांत जाऊन भेटता येते, आणि तिथले मार्गदर्शन मराठीत मिळते.

भेटीला जाताना सोबत एक पान न्यावे, मराठीतच लिहिलेले. वर आपल्या कागदांची यादी, त्यातले कोणते तयार आणि कोणते अडकलेले. मधे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आणि त्यानुसार बसणाऱ्या दोन-तीन योजना. खाली पाच ओळींत आपला विषय: कोणते गाव, कोणती भाषा, कोणता प्रश्न. समोरच्याने वाचताना ज्या ओळीवर थांबून "हे जरा सविस्तर सांग" म्हटले, त्या ओळीखाली रेघ मारून घ्यावी. घरी परतल्यावर प्रस्तावाचा पहिला परिच्छेद तिथून लिहायला घ्यावा.